जुनी हिऱ्याची अंगठी तपासताना: खडा, धातू आणि जोडकाम

वापरलेली हिऱ्याची अंगठी कशी तपासावी, हा या टिपणाचा विषय आहे. नमुना म्हणून सर्वांत जास्त आढळणारा प्रकार घेऊ: 18 कॅरटच्या सोन्यात बसवलेला साधारण अर्ध्या कॅरेटचा एकच गोल हिरा आणि त्याला पकडणाऱ्या सहा प्रॉन्ग, म्हणजे खड्याच्या कडेवर वाकवलेली धातूची नखे. न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीने 1886 मध्ये ही सहा प्रॉन्गची रचना बाजारात आणली. आज भारतातल्या कोणत्याही शहरात एकखडी अंगठी मागितली, तर सराफ बहुधा तिचीच एखादी आवृत्ती पुढे ठेवतो. (कॅरट आणि कॅरेट या शब्दांत गोंधळू नका. सोन्याची शुद्धता कॅरटमध्ये सांगतात. हिऱ्याचे वजन कॅरेटमध्ये मोजतात आणि एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम.)

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातले पदार्थविज्ञान आणि मापनशास्त्र येथे पुरेसे आहे. साधनेही थोडीच लागतात: दहापट मोठे दाखवणारे भिंग, व्हर्नियर कॅलिपर, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, एक लहान टॉर्च आणि थोडा कापूस. भिंग काही शे रुपयांत मिळते, बाकीचे कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतेच.

अशी अंगठी घरात येते तेव्हा सहसा मोठा व्यवहार किंवा नाजूक प्रसंग असतो. आजीची अंगठी वाटणीत कोणाच्या तरी वाट्याला येते आणि तिची किंमत तोंडी सांगितली जाते. कोणी लग्नासाठी नवी परवडत नाही म्हणून जुनी घेतो, कोणी अडचणीत विकायला काढतो. अशा वेळी लोक दोन गोष्टी मागतात: सोन्यावरचा हॉलमार्क आणि हिऱ्याचे प्रमाणपत्र. दोन्ही मागाव्यातच. पण हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो आणि प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशी खडा कसा होता ते सांगते. वीस वर्षे बोटात राहिलेली ही जोडणी आज तो खडा धरून ठेवू शकेल का, हे दोन्हींपैकी कोणीच सांगत नाही. हिरा हरवतो तेव्हा दोष बहुधा त्याला धरणाऱ्या अर्ध्या मिलिमीटर धातूचा असतो. म्हणून हे टिपण खड्यापेक्षा धातूवर जास्त थांबेल.

आधी स्वच्छता, पण एक अपवाद

मळलेल्या अंगठीबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये. हिऱ्याच्या पृष्ठभागाला पाण्याचे वावडे आणि तेलाचे आकर्षण असते. खाणींमध्ये याच गुणाचा उपयोग करत आले आहेत: दळलेला खडक पाण्याबरोबर ग्रीस लावलेल्या टेबलावरून सोडला की दगड वाहून जातात आणि हिरे ग्रीसला चिकटतात. घरात तेच काम खोबरेल तेल, साबणाचा थर आणि हँडक्रीम करतात. खड्याच्या पाठीमागे हा थर बसला की आत गेलेला प्रकाश परावर्तित होऊन वर न येता मागून निसटतो आणि उत्तम हिराही काचेसारखा मंद दिसतो. कोमट पाणी, भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश एवढे पुरते. बेसिनचे भोक आधी बंद करा. हे सांगावे लागते, कारण सैल खडा पहिल्यांदा निसटतो तो याच वेळी.

अपवाद बंद कोंदणाचा. कुंदन किंवा जडावाच्या कामात, आणि कित्येक जुन्या अंगठ्यांत, खड्याची पाठ धातूने बंद केलेली असते आणि आत चकाकीसाठी पातळ पत्रा ठेवलेला असतो. तेथे पाणी शिरले की पत्रा काळवंडतो आणि खडा कायमचा निस्तेज दिसू लागतो. अंगठी उलटी धरून पाहा. खड्याची पाठ दिसत नसेल, तर फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसा.

अंगठी उलटी करा

कारागिरी पाहायची असेल तर वरून पाहू नये. वरची बाजू सगळेच चकचकीत करतात. कारागिराने किती वेळ दिला हे कोंदणाच्या खाली, प्रॉन्गच्या मुळाशी आणि कडीच्या, म्हणजे बोटाभोवतीच्या गोल भागाच्या, आतल्या बाजूला कळते. चांगल्या कामात हे कोपरेही घासून गुळगुळीत केलेले असतात, कानशीचे ओरखडे शिल्लक नसतात, छोट्या खड्यांमागची भोके स्वच्छ आणि एकसारखी असतात. घाईच्या कामात तेथे खडबडीत कातडीसारखा पृष्ठभाग, ओतकामाचे बारीक गोळे आणि अर्धवट बुजलेली भोके दिसतात.

आजच्या बहुतेक अंगठ्या मेण वितळवून केलेल्या साच्यात ओतलेल्या असतात. ओतकाम म्हणजे हलके काम असा समज आहे, तो बरोबर नाही. ओतकाम नीट झाले तर उत्तमच असते. प्रश्न सच्छिद्रतेचा असतो. धातू थंड होताना आकसतो, आणि जेथे जाड भाग पातळ भागाला मिळतो तेथे शेवटी गोठणाऱ्या भागाला पुरेसा द्रव मिळत नाही, म्हणून तेथे सूक्ष्म पोकळ्या राहतात. अंगठीत ही जागा नेमकी कोंदण आणि कडीच्या सांध्याजवळ येते. भिंगाखाली तेथे टाचणीने टोचल्यासारखे ठिपके पुंजक्याने दिसले, तर आत तसेच आणखी असणार असे धरून चाला. एकटादुकटा ठिपका फारसा महत्त्वाचा नाही. ठशात दाबून किंवा ठोकून घडवलेल्या जुन्या अंगठ्यांचा धातू जास्त घट्ट असतो आणि त्यात असे पुंजके आढळत नाहीत. जुन्या कामाला मी थोडे झुकते माप देतो ते यासाठी, जुने ते सोने या भावनेने नव्हे.

आता अंगठी सपाट काचेवर उभी ठेवून समोरून आणि बाजूने पाहा. कोंदण कडीच्या बरोबर मध्यावर आणि सरळ उभे आहे का? खड्याचा वरचा सपाट पैलू, ज्याला टेबल म्हणतात, तो समतल आहे का? सहा प्रॉन्ग समान अंतरावर आणि एकाच उंचीच्या आहेत का? खडा एका बाजूला कललेला दिसला, तर एक तर बसवतानाच चूक झाली आहे किंवा नंतर कधीतरी अंगठीला मार बसला आहे. दोन्ही शक्यतांत प्रॉन्गवरचा भार असमान असतो.

प्रॉन्ग: येथे सर्वांत जास्त वेळ द्या

प्रॉन्ग खड्याला कशी धरते ते समजून घेऊ. हिऱ्याच्या सर्वांत रुंद कडेला गर्डल म्हणतात, हा त्याचा कंबरपट्टा. त्याच्या वरचा भाग क्राउन, खालचा निमुळता भाग पॅव्हिलियन. जडाई करणारा कारागीर प्रत्येक प्रॉन्गच्या आतल्या बाजूला एक खाच कापतो, गर्डल त्या खाचेत बसवतो आणि प्रॉन्गचे टोक क्राउनवर वाकवतो. म्हणजे खाचेच्या जागी प्रॉन्गची जाडी कमी झालेली असते आणि तेथेच ती वाकवलेली असते. ताण कोठे एकवटेल ते तुम्ही बलशास्त्राच्या तासाला शिकला आहात. खाच प्रॉन्गच्या निम्म्या जाडीपेक्षा खोल असू नये, हा कारागिरांचा जुना दंडक आहे. बाजूने टॉर्च धरून भिंगातून पाहिले तर खाचेची खोली स्पष्ट दिसते. खाच हिऱ्याच्या कोनाला जुळेल अशी कापलेली असेल, तर धातू आणि खडा यांच्यात प्रकाशाची फट दिसत नाही. फट दिसली, तर खडा पूर्ण टेकलेला नसून दोन-तीन बिंदूंवर तोललेला आहे.

नव्या प्रॉन्गचे टोक गोल मण्यासारखे, भरीव असते. वर्षानुवर्षे स्वेटर, केस, बॅगेचे अस्तर आणि खिसा यांच्याशी घासून ते आधी सपाट आणि मग पातळ पत्र्यासारखे होते. शेवटी त्याची कड उचलली जाते. कापसाचा बोळा प्रॉन्गवरून चारही दिशांनी हलकेच फिरवा. जेथे तंतू अडकतील ते टोक उचललेले आहे किंवा झिजून धारदार झाले आहे. मग अंगठी कानाजवळ धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने कडीवर टिचक्या मारा. सैल खडा बारीक टिकटिक करतो. तिसरी चाचणी: लाकडी टूथपिकने गर्डलला बाजूने अगदी हलके ढकलून पाहा. खडा फिरता किंवा हलता कामा नये. धातूची सुई यासाठी वापरू नका.

सहाऐवजी चारच प्रॉन्ग असतील तर हिरा जास्त उघडा आणि मोठा दिसतो, पण राखीव आधार कमी असतो. चारपैकी एक गेली की खडा त्या बाजूने निसटू शकतो. सहापैकी एक गेली तरी बाकीच्या पाच बहुधा त्याला तोलून धरतात आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. उलट, आडव्या पट्टीसारख्या धातूत खडा पूर्ण वेढलेला असेल, तर झीज समजायला उशीर लागतो पण धोकाही सर्वांत कमी.

पांढऱ्या सोन्याची एक वेगळी अडचण आहे. त्यात पांढरेपणासाठी निकेल मिसळलेले असेल, तर ते स्प्रिंगसारखे ताठ असते आणि वाकवलेल्या प्रॉन्गमध्ये अंतर्गत ताण उरतो. अशा धातूला क्लोरीन लागले, म्हणजे पोहण्याच्या तलावाचे पाणी किंवा ब्लीचिंग पावडर, की ताण-गंजाने चिरा पडतात. प्रॉन्ग वरून शाबूत दिसते आणि एक दिवस मुळातून तुटते. म्हणून पांढऱ्या सोन्यात टोकांबरोबर मुळेही तपासा. त्यावर ऱ्होडियमचा मुलामा असतो. तो उडाला की धातू किंचित पिवळट दिसतो, हा दोष नव्हे, नवा मुलामा देता येतो. मात्र विक्रीआधी नुकताच दिलेला मुलामा जुने डाख आणि चिरा झाकतो, हेही ध्यानात असू द्या.

कडी आणि जुन्या दुरुस्त्या

कडी तळहाताच्या बाजूला सर्वांत जास्त झिजते, कारण भांडे, दांडा, स्टिअरिंग सगळे तेथेच घासते. व्हर्नियरने खांद्याजवळ आणि तळाशी, दोन्हीकडे जाडी मोजा. समजा खांद्याजवळ 1.8 मिलिमीटर आहे आणि तळाशी 1.2. फरक किरकोळ वाटतो. पण आयताकृती छेदाचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. 1.2 भागिले 1.8 म्हणजे दोन तृतीयांश, त्याचा घन सुमारे 0.3. म्हणजे झिजलेल्या जागी ताठपणाचा जेमतेम तीस टक्के भाग शिल्लक आहे. कडी एक मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर तळाचा अर्धा भाग नवा घालण्याचा खर्च किमतीतून वजा धरा. कडी वाकली तर नुकसान तिच्यापुरते राहत नाही. गोलाचा अंडाकार झाला की वरचे कोंदण ताणले जाते आणि प्रॉन्ग उघडतात. आतला व्यास एकमेकांना काटकोनात दोनदा मोजला की हे लगेच कळते.

जुन्या अंगठीचे माप कधी ना कधी बदललेले असतेच. तिरप्या प्रकाशात कडीच्या तळाशी रंगात किंचित वेगळी बारीक रेष दिसेल. तो डाख. रेष सरळ, भरलेली आणि सपाट असेल तर काम चांगले आहे. रेषेत खड्डे असतील किंवा तेथे कडी दबलेली असेल तर सांधा कमजोर आहे. राखाडी, मऊ दिसणारा डाग आढळला तर सावध व्हा: कोणीतरी सोन्याला शिसे-कथलाचा डाख दिला आहे. पुढे कधी ती जागा जास्त तापवली की शिसे सोन्यात मुरते आणि ते ठिसूळ होते. चांगला सोनार अशी अंगठी हातात घेताच नाक मुरडतो, आणि त्याचे बरोबर असते.

झिजलेल्या प्रॉन्गवर नवी टोके चढवणे ही मान्य आणि आवश्यक दुरुस्ती आहे. सहाही टोके सारखी असतील तर उलट समाधान माना, आधीच्या मालकाने काळजी घेतली होती. एक-दोनच टोके जाड, वेगळ्या रंगाची किंवा खड्यावर ओघळलेली असतील, तर फक्त तुटेल तेवढे जोडले गेले आहे आणि बाकीची त्याच वयाची आहेत. काही वेळा दुरुस्तीच झालेली नसते, खडा चक्क चिकटद्रव्याने बसवलेला असतो. भिंगाखाली कडेला बारीक बुडबुडे किंवा पिवळसर पारदर्शक थर दिसतो.

आता खडा

हिरा हा सर्वांत कठीण पदार्थ आहे म्हणून तो फुटत नाही, असे परीक्षेत लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. कठीणता म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध, चिवटपणा म्हणजे आघात सोसण्याची शक्ती. हिऱ्याच्या स्फटिकात पाटनाच्या, म्हणजे सहज दुभंगण्याच्या, चार दिशा असतात. त्यांपैकी एकीला धरून नेमका ठोका बसला तर कपचा उडतो. गर्डल फार पातळ असेल तर हा धोका वाढतो. म्हणून गर्डल पूर्ण फिरवून पाहा, आणि प्रॉन्गखाली झाकलेल्या जागा बाजूने व मागून पाहा. लहानशी कपची प्रॉन्गखाली घेणे ही जडाईतली रूढ सोय आहे, त्यात फसवणूक नाही. ती न सांगता पूर्ण भाव लावणे ही फसवणूक.

पैलूंच्या कडा हा दुसरा पुरावा. हिऱ्याच्या कडा दशकांनंतरही धारदार राहतात. काच, झिर्कॉन किंवा क्युबिक झिर्कोनियाच्या कडा वापराने गोलसर होतात. जुन्या अंगठीतला खडा कडांवर गुळगुळीत झालेला दिसला, तर तो हिरा नसण्याची शक्यता मोठी. खऱ्या हिऱ्याच्या कडाही कधी खरवडलेल्या, पांढुरक्या दिसतात. ती अंगठी इतर हिऱ्यांबरोबर एकाच डबीत राहिलेली असते. हिरा फक्त हिऱ्यानेच खरवडला जातो, पण तेवढे पुरते.

खड्यावर दुधी धुरकट थर दिसतो आणि धुऊन जात नाही, असे आढळले तर तो जळलेला असू शकतो. हिरा म्हणजे कार्बन. हवेत सातशे-आठशे अंश सेल्सियसच्या पुढे त्याचा पृष्ठभाग ऑक्सिजनशी संयोग पावू लागतो. कारागीर डाख देण्याआधी खड्यावर बोरिक आम्लाचा थर देतात तो यासाठीच. तो दिला नाही किंवा खडा तेलकट राहिला, तर पृष्ठभाग भाजतो. पुन्हा पॉलिश करून तो काढता येतो, थोडे वजन जाते.

खडा खरा आहे का, या प्रश्नाचे घरगुती उत्तर अर्धवटच मिळते. फुंकर मारल्यावर वाफ लगेच उडते का, हे पाहणे गमतीपुरते ठीक आहे. दुकानातले उष्णतेवर चालणारे परीक्षक पेन जास्त भरवशाचे, कारण हिऱ्याची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पाचपट असते आणि काच किंवा क्युबिक झिर्कोनिया तेथे लगेच नापास होतात. पण मॉयसनाइट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, या पेनला फसवते. ते भिंगाने ओळखता येते: त्यात द्विअपवर्तन असल्यामुळे क्राउनच्या पैलूतून तिरपे पाहिले की मागच्या पैलूंच्या कडा जोडीने दिसतात. टेबलातून सरळ पाहू नका, त्या दिशेने दुहेरीपणा दिसत नाही. हिऱ्यात कडा कोणत्याही दिशेने एकेरीच दिसतात.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र भिंग किंवा पेन यांनी वेगळा ओळखता येत नाही. तो रासायनिकदृष्ट्या हिराच आहे, आणि बाजारात त्याचा भाव नैसर्गिक हिऱ्याच्या कितीतरी खाली आहे. रत्नप्रयोगशाळेत अतिनील प्रकाश आणि वर्णपट पाहूनच तो निवाडा होतो. अंगठी जुनी आहे म्हणून खडाही जुना, असा तर्क करू नका. कडी 1960 ची असली तरी खडा मागच्या वर्षी बदललेला असू शकतो. प्रमाणपत्राबरोबर गर्डलवर लेझरने कोरलेला क्रमांक असेल तर भिंगातून तो जुळवा. क्रमांक नसेल तर मापे जुळवा.

बसवलेल्या गोल हिऱ्याचे वजन काढायचे सूत्र सोपे आहे: मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास गुणिले उंची गुणिले 0.0061. व्यास 5.1 आणि उंची 3.15 आली, तर उत्तर 0.50 कॅरेट येते. विक्रेता पाऊण कॅरेट सांगत असेल आणि तुमचे माप अर्धा दाखवत असेल, तर चूक व्हर्नियरची नाही.

जुन्या कटाबद्दल एक सूचना. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 मध्ये गोल हिऱ्याच्या प्रमाणांचे गणित मांडले, आणि आजचा ब्रिलियंट कट हळूहळू त्या दिशेने स्थिरावला. त्याआधीच्या खड्यांत टेबल लहान, क्राउन उंच आणि खालचे टोक मुद्दाम सपाट कापलेले असते. वरून पाहताना मध्यभागी दिसणारे छोटे वर्तुळ म्हणजे तेच टोक. ते छिद्र नाही आणि नुकसानही नाही. अशा खड्याला आजच्या मापाने कमी गुण देणे, किंवा सरसकट नवा कट मारून घेणे, हे मला पटत नाही. वजन तर जातेच, पण तसा खडा पुन्हा मिळत नाही.

छाप आणि वजन

भारतात 1 जुलै 2021 पासूनच्या हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धता (18 कॅरटसाठी 750, 22 साठी 916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता पडताळता येते. त्याआधीच्या अंगठीवर हा क्रमांक नसणारच, आणि फार जुन्या अंगठीवर कोणतीच खूण नसेल. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना आणि कुंदन, पोलकी, जडावाच्या दागिन्यांना सक्तीतून सूट आहे. तेव्हा खूण नाही म्हणजे सोने खोटे, असे नव्हे. मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क देऊन कस तपासून घेता येतो.

प्रयोगशाळेत हा प्रयोग करून पाहा. अंगठी हवेत 3.60 ग्रॅम भरली. हिरा 0.50 कॅरेट, म्हणजे 0.10 ग्रॅम, त्याची घनता 3.52, म्हणून आकारमान 0.028 घन सेंटिमीटर. उरलेले 3.50 ग्रॅम सोने 18 कॅरटचे असेल, तर घनता सुमारे 15.4 धरून आकारमान 0.227 येते. एकूण 0.255, म्हणजे दोऱ्याने पाण्यात लोंबवल्यावर वजन तेवढ्या ग्रॅमने घटले पाहिजे. सोने 14 कॅरटचे असेल तर घनता सुमारे 13.1 आणि घट 0.295 येईल. काट्याची अचूकता 0.01 असल्यामुळे हे दोन पर्याय वेगळे ओळखता येतात, 18 आणि 20 मात्र खात्रीने नाही. खड्याखाली हवेचा बुडबुडा अडकला तर सगळे गणित चुकते, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. बंद कोंदणाची अंगठी या प्रयोगासाठी घेऊ नका.

विकताना, घेताना, दुरुस्तीला देताना

मोड देताना सराफ सोन्याचे वजन धरतो, खड्याचे वजन वजा करतो आणि घडणावळ मोजत नाही. म्हणून उत्तम कारागिरीची अंगठी आणि ढिसाळ अंगठी मोडीत जवळपास सारख्याच भावाने जातात. कारागिरीचे पैसे फक्त अंगठी म्हणून विकली तरच मिळतात. घेणाऱ्याने प्रॉन्ग आणि कडीच्या दुरुस्तीचा अंदाज सोनाराकडून लेखी घेऊन मगच भाव करावा.

दुरुस्तीला देताना खडा बदलला जाईल ही भीती घरोघरी असते. तिच्यावर उपाय निरीक्षणाचा आहे. भिंगातून खड्यातले दोष पाहा, कागदावर वर्तुळ काढून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे त्यांची जागा लिहा: तीनच्या जागी काळा ठिपका, आठच्या जागी पिसासारखी चीर. व्यास, उंची आणि अंगठीचे एकूण वजन खाली नोंदवा, भिंगावर मोबाइल ठेवून फोटो घ्या आणि हा कागद सोनारासमोरच भरून त्याची सही घ्या. प्रामाणिक सोनाराला यात काही वावगे वाटत नाही, त्यालाही हा कागद उपयोगी पडतो. परत घेताना आधी तो नकाशा जुळवा, मग वजन करा. नवी टोके चढवली असतील तर वजन थोडे वाढलेले असेल आणि कडी घासून पॉलिश केली असेल तर थोडे घटलेले. दोन्हींचे कारण तेथेच विचारून त्याच कागदावर लिहून ठेवा.